लिहिण्याचे अंक आणि हिशेबाचे अंक



'सातबारा' हा शब्द ठाऊक नाही असा शेतकरी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत शोधूनही सापडणार नाही. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. हे दोन नमुने एका कागदावर आले आणि त्यांच्या क्रमांकांचेच नाव झाले. परंतु महसुली लेख्यांच्या जुन्या इंग्रजी नियमपुस्तिकेत हे क्रमांक आज लिहिले जातात तसे छापलेले नाहीत. तेथे सातासाठी व्ही-आय-आय आणि बारासाठी एक्स-आय-आय अशी रोमन अक्षरे आहेत. एकवीस गाव नमुन्यांची सारी मालिका अशीच रोमन अंकांनी दर्शविलेली आहे.

ही पद्धत महसूल खात्यापुरती मर्यादित नाही. भारतीय संविधानाच्या इंग्रजी प्रतीतील भागांचे क्रमांक रोमन आहेत. पंचायतींविषयीचा भाग नऊ त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने संविधानात समाविष्ट झाला आणि २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आला. त्याच्या मथळ्यावर आय-एक्स ही दोन अक्षरे आहेत. अधिनियमांची प्रकरणे, अहवालांची परिशिष्टे, शाळांच्या विवरणपत्रांतील इयत्ता, अशा अनेक ठिकाणी रोमन अंक आजही भेटतात. पूर्वी ते हाताने लिहिले जात. आता कार्यालयातील आणि शाळेतील बहुतेक तक्ते संगणकावर, स्प्रेडशीटमध्ये तयार होतात. साधा अंक दिला असता त्याचे रोमन रूप क्षणात देणारी सोय त्यात आहे. मात्र ही सोय कोठे वापरावी आणि कोठे वापरू नये याचा विवेक राहिला नाही, तर तिच्यापासून अनर्थही संभवतो. या दोन्ही बाजूंचा विचार येथे करावयाचा आहे.

सात अक्षरांची पद्धत

रोमन पद्धतीत मुख्य चिन्हे सातच. आय म्हणजे एक, व्ही म्हणजे पाच, एक्स म्हणजे दहा, एल म्हणजे पन्नास, सी म्हणजे शंभर, डी म्हणजे पाचशे आणि एम म्हणजे हजार. मोठ्या किमतीचे अक्षर आधी आणि लहान किमतीचे नंतर आले तर बेरीज करावयाची. लहान अक्षर मोठ्याच्या आधी आले तर ते त्यातून वजा करावयाचे. वजाबाकीची अशी सहाच रूपे प्रचलित नियमाने मान्य आहेत. ती म्हणजे चार, नऊ, चाळीस, नव्वद, चारशे आणि नऊशे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचे वर्ष १९६०. ते रोमन अंकांत एम, सी-एम, एल, एक्स असे लिहावे लागते. म्हणजे हजार, नऊशे, पन्नास आणि दहा.

या पद्धतीत शून्य नाही आणि स्थानपरत्वे अंकाची किंमत बदलत नाही. त्यामुळे संख्येची लांबी पाहून तिचा मोठेपणा ओळखता येत नाही. १८८८ लिहिण्यास तेरा अक्षरे लागतात, तर २००० लिहिण्यास एम हे अक्षर दोनदा लिहिले की पुरते.

अशा अंकांनी रोमन लोक गुणाकार-भागाकार कसे करीत, हा प्रश्न साहजिकच पडतो. बहुतांश आकडेमोड ते या अंकांवर करीतच नसत. हिशेब मणिफलकावर, म्हणजे खाचांतून मणी अथवा खडे सरकविण्याच्या पाटीवर होत असे. उत्तर आले की ते रोमन अंकांत लिहून ठेवीत. लिहिण्याचे अंक वेगळे आणि हिशेबाचे साधन वेगळे, अशी ही विभागणी होती. आजच्या विषयाचे मर्म याच विभागणीत आहे.

नाणेघाटापासून फ्लॉरेन्सपर्यंत

स्थानमूल्याचा अभाव ही केवळ रोमची उणीव होती असे नव्हे. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण यांच्या संख्या त्यात कोरलेल्या आहेत. तेथेही दहा, वीस, शंभर, हजार यांसाठी वेगवेगळी चिन्हे आहेत. पुढे याच देशात नऊ अंक आणि शून्य यांच्या बळावर कोणतीही संख्या लिहिण्याची दशमान पद्धत सिद्ध झाली. शून्यासह आकडेमोड कशी करावी याचे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात दिले. अरबी विद्वानांच्या द्वारे ही विद्या पश्चिमेकडे गेली आणि १२०२ मध्ये पिसा येथील लिओनार्दो याने आपल्या ग्रंथात हे 'भारतीयांचे नऊ अंक' युरोपातील व्यापाऱ्यांना समजावून दिले.

नव्या अंकांचे स्वागत सर्वत्र झाले नाही. फ्लॉरेन्स येथील सराफांच्या संघाने १२९९ मध्ये हिशेबाच्या वह्यांत रकमा या अंकांनी लिहिण्यास मनाई केली. नव्या अंकांत खाडाखोड करणे सोपे, शून्याचा सहा किंवा नऊ करता येतो, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. ही भीती अगदीच अनाठायी नव्हती. आजही धनादेशावर रक्कम अंकी आणि अक्षरी अशी दोन्ही प्रकारे लिहावी लागते आणि दोहोंत तफावत असेल तर परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ अन्वये अक्षरी रक्कम ग्राह्य धरली जाते. अखेरीस मात्र हिशेबाच्या क्षेत्रात दशमान अंकांचाच विजय झाला. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३४३ मध्ये संघराज्याच्या शासकीय कामकाजासाठी 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप' विहित केले आहे. जगभर रूढ असलेले हे अंक मुळात भारतीय आहेत, याची ही घटनात्मक नोंदच होय. रोमन अंकांकडे उरले ते क्रमांक देण्याचे, मथळे सजविण्याचे काम.

संगणकावरील सोय

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. एक्सेल असो वा विनामूल्य मिळणारे लिबरऑफिस कॅल्क असो, दोहोंत 'रोमन' याच नावाचे फंक्शन आहे. ए या रकान्यातील दुसऱ्या सेलमध्ये ९ हा अंक आहे असे समजा. शेजारच्या बी रकान्यात बरोबरचे चिन्ह द्यावे, इंग्रजी लिपीत रोमन हा शब्द लिहावा, त्यापुढे कंसात ए२ हा त्या सेलचा पत्ता लिहावा आणि एंटरची कळ दाबावी. लगेच आय-एक्स ही अक्षरे दिसतात. सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावरील लहान चौकोन धरून खाली ओढला की खालच्या सर्व ओळींना तेच सूत्र लागू होते. बारा इयत्ता असोत की एकवीस गाव नमुने असोत, काम एका मिनिटाचे आहे.

या सोयीच्या मर्यादा ध्यानी ठेवाव्यात. ३९९९ पेक्षा मोठी संख्या किंवा ऋण संख्या दिल्यास फंक्शन चूक दर्शविते. शून्य दिल्यास काहीच दिसत नाही, कारण रोमन पद्धतीत शून्य नाही. मूळ सेल रिकामा राहिला असेल तरी उत्तर रिकामेच येते. त्यामुळे भरावयाचे राहून गेलेले क्रमांक चटकन नजरेस येत नाहीत. कंसात आणखी एक अंक देऊन रोमन रूप अधिकाधिक आखूड करण्याचीही तरतूद आहे. तिच्या योगे ४९९ ही संख्या सी-डी, एक्स-सी, आय-एक्स अशा सहा अक्षरांऐवजी केवळ आय-डी अशा दोन अक्षरांत लिहिता येते. परंतु अशी रूपे प्रचलित नियमात बसत नाहीत आणि वाचणाऱ्यास गोंधळात टाकतात. कार्यालयीन कागदात त्यांचा वापर न करणेच श्रेयस्कर.

एकटी नववी जागा सोडते

या फंक्शनचे उत्तर संगणकाच्या दृष्टीने संख्या नसून मजकूर असतो, ही यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. माणूस आय-एक्स वाचतो तेव्हा त्याच्या मनात नऊ उमटतात. संगणकाला मात्र ती केवळ दोन अक्षरे दिसतात. त्या सेलांची बेरीज मागितली तर ती होत नाही आणि त्यांचा क्रम लावावयास सांगितले तर तो इंग्रजी वर्णमालेप्रमाणे लावला जातो.

याचा परिणाम एका काल्पनिक शाळेच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. पहिली ते बारावी या इयत्ता रोमन अंकांत लिहून सॉर्टची आज्ञा दिली तर काय होते? पहिली, दुसरी, तिसरी, चौथी योग्य जागी राहतात. मग एकदम नववी येते. नंतर पाचवी, सहावी, सातवी, आठवी आणि पुढे दहावी, अकरावी, बारावी. आय हे इंग्रजी वर्णमालेतील नववे अक्षर, व्ही बाविसावे आणि एक्स चोविसावे. नववीच्या आरंभी आय असल्यामुळे ती व्हीने सुरू होणाऱ्या पाचवीच्या वर जाऊन बसते. बाकी साऱ्या इयत्तांचा आपसातील क्रम बिनचूक राहतो. यादी संपूर्ण विस्कटली असती तर ती कोणाच्याही लक्षात आली असती. येथे एकच इयत्ता जागा सोडते, म्हणूनच घाईत चूक नजरेतून निसटते.

या शाळेत पाचवीत ४०, सहावीत ३८, सातवीत ३६, आठवीत ३४ आणि नववीत २० मुले आहेत असे मानू. रोमन इयत्तेनुसार क्रम लावल्यावर पटसंख्याही आपापल्या इयत्तेबरोबर सरकते, त्यामुळे त्या तक्त्यात अद्याप काही चुकलेले नसते. पुढे वरिष्ठ कार्यालयाकडून आलेल्या विवरणपत्रात इयत्ता योग्य क्रमाने छापलेल्या असतात. लिपिक केवळ पटसंख्येचा रकाना उचलतो आणि तेथे चिकटवितो. आता पाचवीपुढे नववीचे २०, सहावीपुढे पाचवीचे ४०, सातवीपुढे ३८, आठवीपुढे ३६ आणि नववीपुढे आठवीचे ३४ असे आकडे येतात. एका इयत्तेच्या स्थलांतराने पाच इयत्तांचे आकडे चुकतात. एकूण बेरीज मात्र तीच, १६८. बेरीज जुळते म्हणून तपासणाराही निश्चिंतपणे स्वाक्षरी करतो.

हा दोष कागदापुरता राहत नाही. पहिली ते आठवीच्या मुलांना मोफत पाठ्यपुस्तके द्यावयाची असतात. या विवरणपत्रावरून पाचवीच्या ४० मुलांसाठी पुस्तकांचे केवळ २० संच मागविले जातील आणि निम्मी मुले पुस्तकाविना बसतील. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य हे प्रमाण आहे. खऱ्या पटाप्रमाणे पाचवी ते आठवीला दररोज २० किलो २०० ग्रॅम धान्य लागते. चुकलेल्या पटाप्रमाणे ते १९ किलो १०० ग्रॅम भरते. दररोज १ किलो १०० ग्रॅमची ही तूट म्हणजे वरच्या वर्गांतील सात मुलांच्या वाट्याचे धान्य होय. कोणी अपहार केलेला नाही, कोणाची बेपर्वाई दिसत नाही, बेरीजही जुळते. केवळ नऊ हा अंक अक्षरांनी लिहिला गेला, एवढेच निमित्त.

उपाय साधा आहे

यावर उपाय म्हणून रोमन अंकांवर बहिष्कार टाकण्याचे कारण नाही. रोमन लोकांनी स्वतः जी विभागणी पाळली तीच स्प्रेडशीटमध्ये पाळावी. एका रकान्यात इयत्ता अथवा क्रमांक साध्या अंकांत ठेवावा आणि तो कधीही काढून टाकू नये. त्याच्या शेजारच्या रकान्यात सूत्राने रोमन रूप आणावे. क्रम लावणे, शोधणे, बेरीज करणे, ही सर्व कामे पहिल्या रकान्यावरून करावीत. छापील प्रतीत साधा अंक नको असेल तर तो रकाना छपाईपुरता लपवावा. आकडे एका तक्त्यातून दुसऱ्यात नेताना केवळ पटसंख्या न उचलता इयत्तेसह उचलावी आणि दोन्ही तक्त्यांतील इयत्ता ओळीगणिक जुळतात की नाही हे प्रथम पाहावे.

पूर्वीची यादी केवळ रोमन अंकांतच असेल तर काय करावे? त्यासाठी याच्या उलट काम करणारे 'अरेबिक' नावाचे फंक्शन आहे. एक्सेलमध्ये ते २०१३ च्या आवृत्तीपासून आले आणि लिबरऑफिस कॅल्कमध्येही ते मिळते. रोमन अक्षरे दिली असता ते साधी संख्या देते. संगणकावर त्याहून जुनी आवृत्ती असेल तर बारा ओळींचा एक लहान तक्ता तयार करावा, एका रकान्यात रोमन रूप आणि दुसऱ्यात अंक लिहावा आणि व्हीलुकअप या फंक्शनने, तंतोतंत जुळणीची अट घालून, संख्या शोधून आणावी.

येथे पडताळणीची एक उपयुक्त युक्ती आहे. रोमनवरून काढलेली संख्या पुन्हा रोमन करावी आणि मूळ नोंदीशी ताडून पाहावी. जेथे दोहोंत फरक पडेल किंवा चूक दिसेल तेथे मूळ नोंदच सदोष आहे असे समजावे. असे दोष अपवादात्मक नसतात. कोणी आय या अक्षराऐवजी एकचा अंक टंकित करतो, कोणी मराठी कळफलकावरील दंड वापरतो, तर कोणाच्या हातून एल हे लहान अक्षर पडते. डोळ्यांना ही सर्व चिन्हे सारखीच उभी रेघ वाटतात. संगणकाच्या लेखी ती चार भिन्न चिन्हे आहेत.

पोटक्रमांकांचा प्रश्न

कायद्याच्या आणि महसुलाच्या कागदांत निव्वळ क्रमांक नसून पोटक्रमांकही असतात. नगरपालिकांविषयीचा संविधानाचा भाग नऊ-क आहे. गावच्या दप्तरात विवादग्रस्त प्रकरणांसाठी नमुना सहा-अ, वारसा प्रकरणांसाठी सहा-क आणि खातेदाराच्या जमिनींसाठी आठ-अ आहे. अशी जोडरूपे ही फंक्शने हाताळू शकत नाहीत. यासाठी क्रमांक एका रकान्यात, पोटअक्षर दुसऱ्या रकान्यात आणि दोहोंना जोडून तयार झालेले रूप तिसऱ्या रकान्यात ठेवावे.

येथेही एक सावधगिरी हवी. मराठी कागदांत पोटक्रमांक अ, ब, क, ड असे चालतात. हा क्रम इंग्रजी ए, बी, सी, डीवरून आलेला आहे. देवनागरी वर्णमालेत मात्र क आधी, मग ड आणि त्यानंतर ब येतो. संगणकाला क्रम लावण्यास सांगितले तर तो वर्णमालेचाच नियम पाळतो आणि सहा-अ नंतर सहा-क ठेवतो. रोमन नववीची जी कथा, तीच आपल्या ब या अक्षराची. सबब पोटअक्षरासोबत १, २, ३ असा साधा अनुक्रमही एका रकान्यात ठेवणे हिताचे.

शाळेतील वर्गापासून आरंभ

शिक्षकांना या विषयाचा दुहेरी उपयोग करता येईल. रोमन अंक शालेय गणितात शिकविले जातातच. त्या वेळी मुलांकडून बारा चिठ्ठ्यांवर बारा रोमन अंक लिहून घ्यावेत आणि प्रथम किमतीप्रमाणे, नंतर इंग्रजी वर्णमालेप्रमाणे त्या मांडावयास सांगावे. नववी चिठ्ठी आपली जागा सोडताना मुलांनी स्वतःच्या हातांनी पाहिली म्हणजे संख्या आणि तिचे लिखित रूप यांतील भेद त्यांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. स्थानमूल्य आणि शून्य यांची थोरवीही त्याच तासाला मनावर ठसेल.

पंचायत सदस्यांनी प्रत्येक सूत्र पाठ करावे अशी अपेक्षा नाही. सभेपुढे आलेल्या तक्त्यावर स्वाक्षरी करण्यापूर्वी त्यांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत. पहिला प्रश्न असा की, हा क्रम साध्या अंकांवरून लावला आहे की अक्षरांवरून? आणि दुसरा असा की, एकूण बेरजेबरोबर प्रत्येक ओळही मूळ नोंदवहीशी ताडली आहे काय? बेरीज जुळणे म्हणजे तक्ता बिनचूक असणे नव्हे, ही जाणीव ग्रामपंचायत अधिकाऱ्यापासून जिल्हा कार्यालयापर्यंत रुजली पाहिजे.

रोमन अक्षरे मथळ्यावर शोभतात, त्यांनी तेथे खुशाल राहावे. हिशेब मात्र या भूमीत सिद्ध झालेल्या अंकांनीच व्हावा. एवढी एक शिस्त पाळली गेली, तर पाचवीतील प्रत्येक मुलाच्या हाती त्याचे पुस्तक पोहोचेल आणि त्याच्या ताटात त्याच्या हक्काचे धान्य पडेल.